दुकानाचें नांव व परवान्याचा काळ : फुलचूर परिसरांतील अबकारी कागदांच्या निमित्तानें

(१)

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं एखादी सनद, महजर किंवा वतनाचा निवाडा लागला म्हणजे तो जिवापाड जपला जातो. त्याच रुमालांत दारूच्या दुकानाचा परवाना, भट्टीच्या लिलावाची नोटीस किंवा मोहफुलें वाहून नेण्याचा पास निघाला तर तो मात्र रद्दीच्या ढिगांत पडतो. याचीं कारणें दोन. एक तर विषय अप्रतिष्ठित. दुसरें, असे कागद बहुधा छापील नमुन्यावर भरलेले असल्यामुळें त्यांत कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. आमच्या मतें हीं दोन्ही कारणें फसवीं आहेत. जमिनीच्या साऱ्याप्रमाणेंच अबकारीचें उत्पन्नही प्रत्येक राज्यकर्त्याच्या डोळ्यांपुढें होतें, आणि ज्या खात्यांत पैसा असतो त्याचे नियम वारंवार बदलतात. नियम बदलले म्हणजे कागदाची भाषा बदलते. आणि भाषा बदलली म्हणजे कालनिर्णयास एक साधन मिळतें.

प्रस्तुत लेखांत आम्ही एवढेंच दाखवूं इच्छितों कीं, दारूच्या दुकानास लोक ज्या नांवानें ओळखतात तें नांव बहुधा एखाद्या जुन्या कराचें, मक्त्याचें किंवा परवान्याचें असतें. पद्धति मेली तरी नांव मागें राहतें. कोणतें नांव कोणत्या पद्धतींतून निघालें हें ठाऊक असेल तर कागदाचा काळ, वर्ष नसतांही, बऱ्याच अंशीं सांगतां येतो. आणि तें ठाऊक नसेल तर पन्नास-पाऊणशें वर्षांची चूक सहज होते.

उदाहरणासाठीं आम्हीं गोंदिया शहरास लागून असलेलें फुलचूर हें गांव घेतलें आहे. गांव जागचें हललें नाहीं. पण त्याच्यावरील राज्य पुनःपुन्हां बदललें. नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत अस्तित्वांत आला व पुढें त्याचें नांव मध्यप्रांत व वऱ्हाड असें झालें. १९५० सालीं त्याचाच मध्यप्रदेश झाला. त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. जिल्हा भंडारा होता. १ मे १९९९ रोजीं गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. राज्य बदललें त्याच दिवशीं अबकारीचा कायदाही बदलला असें मात्र समजूं नये. संग्राहकांची फसगत होते ती नेमकी याच ठिकाणीं.

येथें दोन मोहांपासून वाचकांस सावध करणें अवश्य आहे. गांवाच्या नांवांत ‘फूल’ आहे व भोंवतालच्या मुलखांत मोहाचीं झाडें आहेत, म्हणून हें फूल मोहाचेंच असें कोणी म्हणेल. तसेंच गोंदियांत ‘फुलचूर नाका’ हें स्थळनाम रूढ आहे, आणि नाका म्हणजे मूळ अर्थानें वाट अडवून जकात घेण्याची जागा. तेव्हां तेथें अबकारीची चौकी होती असेंही अनुमान कोणी करील. लेखी पुराव्यावांचून हीं दोन्ही अनुमानें अग्राह्य समजावीं. स्थळनाम प्रश्न सुचवितें. उत्तर कागदानेंच द्यावयाचें असतें.

(२) कलाली

अबकारी हा शब्द फारसी आहे. आब म्हणजे पाणी. त्यावरून पेयें गाळण्याचा धंदा व पुढें त्या धंद्यावरील कर असा अर्थ आला. मराठी अमलांतील जुना शब्द मात्र ‘कलाली’. दारू गाळणारा व विकणारा तो कलाल. नागपूर प्रांतांत त्यासच कलार म्हणतात. रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो ग्रंथ लिहिला व जो १९१६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत कलारांस स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. कलाली हें धंद्याचें नांव तेंच कराचें नांव झालें. आणि शेजारच्या हिंदी मुलखांत ‘कलारी’ म्हणजे दारूचें दुकान असाच अर्थ रूढ आहे. कराचें नांव दुकानास चिकटल्याचें हें पहिलें उदाहरण.

या पद्धतींत सरकार दारू मोजीत नसे. ठराविक मुलखाचा मक्ता एखाद्यानें घ्यावा, ठरलेली रक्कम हप्त्यांनीं भरावी, आणि किती गाळली, किती कडक गाळली, हें त्याचें त्यानें पाहावें, अशी रीत होती. म्हणून कलालीच्या मोडी कागदांत सहसा गांव, मक्तेदाराचें नांव, रक्कम व हप्ते एवढेंच असावयाचें. दारूचें माप किंवा तिची तीव्रता यांचा उल्लेख त्यांत अपेक्षूं नये. हा अभाव हीच त्या काळाची खूण होय.

पुणें दरबारचे हुकूम नागपूर प्रांतास लावण्याची चूकही होते. पेशव्यांच्या रोजनिशींवरील आपल्या १९०० सालच्या निबंधांत न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशवाईंतील मद्यनिषेधाकडे लक्ष वेधलें आहे. आणि त्यांतही कोंकणांतील भंडारी-कोळ्यांसारख्या लोकांस व पदरच्या युरोपियनांस सवलत होती हें दाखविलें आहे. म्हणजे निषेध व अपवाद ही जोडी आपल्याकडे इंग्रजांच्याही पूर्वींची. पण तो पुण्याचा कारभार होता. नागपूरकरांच्या कागदांत कलालीचें उत्पन्न दिसलें तर तें हुकूमभंगाचें लक्षण मानण्याचें कारण नाहीं.

या वर्गांतील कागदांची मिति पाहतांना सन कोणता आहे हें प्रथम ठरवावें. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० व दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन येतो. वर्षारंभ मृगाच्या सुमारास असल्यामुळें एका वर्षाचा फरक महिना पाहूनच सोडवावा लागतो. रुपया नागपुरी कीं कंपनीचा हेंही पाहावें. कंपनीचा एकरूप रुपया १८३५ नंतरचा; तेव्हां त्याचा उल्लेख असलेला कागद त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं.

(३) भट्टी

इंग्रजी अमलांत दोन पद्धति शेजारीं शेजारीं चालल्या. एकींत गांवोगांवच्या भट्टीचा हक्कच लिलावांत विकला जाई: ज्यानें बोली जिंकली त्यानें तेथेंच गाळावी व तेथेंच विकावी. दुसरींत गाळणाऱ्यांस मुख्य ठिकाणच्या सरकारी आवारांत आणून बसवीत, दारू बाहेर पडतांना तिचें माप व तीव्रता पाहून दर गॅलनास कर घेत, आणि विक्रीचा परवाना निराळा देत. पहिलींत सरकारचा खर्च थोडा, पण पिणाऱ्यांवर व गाळणाऱ्यांवर देखरेख नाहीं. दुसरींत कर अचूक, पण रानावनांतील दूरच्या गांवीं चोरटी भट्टी पेटण्यास उत्तेजन. या ओढाताणीमुळें एकाच जिल्ह्यांत एका भागास एक व दुसऱ्यास दुसरी पद्धति लागू असे.

पहिल्या पद्धतींत भट्टी व दुकान एकाच जागीं असल्यानें लोक दुकानासच भट्टी म्हणूं लागले. विदर्भांत देशी दारूच्या दुकानास आजही ‘भट्टी’ म्हणतात, यद्यपि तेथें कांहींच गाळलें जात नाहीं आणि माल बाटलींत बंद होऊन कारखान्यांतून येतो. म्हणून कागदांत ‘अमक्या गांवची भट्टी’ असें आलें कीं तेथें दारू गाळली जात होती असें लगेच ठरवूं नये. गाळण्याचीं भांडीं, मोहाची खरेदी किंवा सरपणाचा खर्च यांपैकीं कांहीं असेल तर ती खरी भट्टी. केवळ विक्री व परवाना-फी असेल तर तें दुकान.

जमिनदारी मुलखांत आणखी एक भेद पाहावा लागतो. जमिनदाराच्या हक्कांत जंगल, सायर व कलाली या बाबी निरनिराळ्या मोजल्या जात. तेव्हां परवाना सरकारचा कीं जमिनदाराचा हें मजकुरावरून न ठरवितां सही व शिक्का यांवरून ठरवावें. मध्यप्रदेशांत १९५० सालच्या कायद्यान्वयें मालगुजार व जमिनदार यांचे मालकी हक्क १९५१ सालीं संपुष्टांत आले. त्यांच्या घरचीं दफ्तरें त्यानंतर बेवारशी झालीं, आणि त्यांतलाच कांहीं भाग आज जुन्या बाजारांत येतो.

(४) गुत्ता व ठेका

१९०५-०६ सालीं हिंदुस्थान सरकारनें अबकारीच्या चौकशीसाठीं एक समिति नेमली होती. तिच्यानंतरच्या वर्षांत एका मोठ्या कारखान्यानें ठरलेल्या दरानें साऱ्या टापूस दारू पुरवावी व दुकानांचा लिलाव निराळा व्हावा, ही पद्धति पसरली. मध्यप्रांताचा अबकारी कायदा १९१५ सालचा दुसरा होय. गाळणें, बाळगणें, नेणें व विकणें या प्रत्येक कृत्यास त्यांत निराळा परवाना लागे. गाळणारा व विकणारा हे येथून कायमचे विभक्त झाले.

या काळच्या कागदांत ठेका, ठेकेदार, गुत्ता, गुत्तेदार, लिलाव हे शब्द येतात. लिलाव हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठींत आला. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता, मग तो कशाचाही असो. परंतु आज ‘गुत्ता’ म्हटलें कीं दारूचें दुकानच डोळ्यांपुढें येतें. कराराचें नांव जागेस मिळाल्याचें हें दुसरें उदाहरण. हा शब्द बराच जुना असल्यामुळें केवळ तो पाहून कागद विसाव्या शतकांत ढकलूं नये. गुत्ता कशाचा आहे तें पाहावें: साऱ्या परगण्याच्या कलालीचा असेल तर कागद जुना; क्रमांक दिलेल्या एकाच दुकानाचा असेल तर नवा.

छापील परवान्यांत अंकांपुढें ‘यू. पी.’ हीं अक्षरें येतात. हीं संयुक्त प्रांताचीं आद्याक्षरें नव्हेत. इंग्रजी मापांत मद्याची एक प्रमाण तीव्रता ठरलेली होती, तिच्याहून किती अंशांनीं दारू सौम्य आहे हें त्या अक्षरांनीं दाखवितात. २५ यू. पी. म्हणजे त्या प्रमाणाच्या तीनचतुर्थांश, अर्थात् शेंकडा सुमारें ४२.८ मद्यार्क. या अक्षरांवरून दारू उत्तर हिंदुस्थानांतून आली असें वाचणें म्हणजे व्यापाराचा एक खोटा इतिहास रचणें होय.

१९२१ च्या असहकाराच्या चळवळींत मद्यपाननिषेधाचा जोर मध्यप्रांतांत मोठा होता व त्याची झळ लिलावांस लागली. त्या वर्षाच्या आगेंमागें दुकानाची बोली एकाएकीं उतरलेली दिसली तर दुष्काळ किंवा ठेकेदाराची लबाडी शोधण्यापूर्वीं हें कारण ध्यानीं घ्यावें.

(५) मोहफूल

आतांपर्यंत सांगितलें तें दारूविषयीं. परंतु या मुलखांत मूळ प्रश्न दारूचा नसून फुलाचा आहे. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें पहांटे झाडाखालीं पडतात. बायका-मुलें तीं वेंचून वाळवितात. तीं खाण्यांत येतात, जनावरांस घालतात, विकतात, आणि त्यांची दारूही होते. एकच वस्तु अन्न, चारा, व्यापारी माल व मद्याचें साधन अशी चारही रूपें धारण करते. मग कायद्यानें ती कोठें अडवावी?

मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं १८९२ सालीं मोहाचाच स्वतंत्र कायदा केला व फुलें बाळगण्यावर बंधन घातलें. पुढें मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याखालीं मोहफुलांचे नियम १९५० सालीं झाले. अशा रीतीनें कोंकणपट्टींत जन्मलेली दृष्टि त्या कायद्याबरोबर कालांतरानें वैनगंगेच्या खोऱ्यांत आली. २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें मोहफुलें गोळा करणें, सांठविणें व वाहून नेणें यांवरील बंधनें उठविलीं. या दोन टोंकांमधील काळांत दिलेला प्रत्येक पास हा एका गरीब घराच्या वर्षाच्या कमाईचा पुरावा आहे. मोठ्या घराण्यांचे कागद बहुत आहेत. वेंचणाऱ्या बाईचें नांव मात्र अशा पासावर किंवा पंचनाम्यावरच सांपडण्याचा संभव. पंचनाम्यांत येणारा ‘सडवा’ हा शब्द नवख्या वाचकास अडवील. भिजवून आंबविलेल्या मोहफुलांस या भागांत सडवा म्हणतात, व त्यावरून अद्याप दारू उतरावयाची असते. सडव्याचें माप दारूचें समजून बेरीज करणारा अभ्यासक मोठ्या चुकींत पडेल.

(६) परमिट

मध्यप्रांत व वऱ्हाडांत दारूबंदीचा कायदा १९३८ सालीं झाला व तो निवडक भागांत लागू केला गेला. मुंबई राज्याचा कायदा १९४९ सालचा पंचविसावा. त्यासच आतां महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्यांतील कांहीं कलमें सर्वोच्च न्यायालयानें बलसारा यांच्या खटल्यांत १९५१ सालीं रद्द केलीं, पण कायद्याचा गाभा राहिला. फुलचूर-गोंदियाचा भाग १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, तरी हा कायदा राज्याच्या उरलेल्या भागास लागू करणारें विधान १९५९ सालचें आहे. म्हणजे सुमारें तीन वर्षें राज्य मुंबईचें व अबकारीचा कायदा जुन्या मध्यप्रांताचा, अशी स्थिति होती. त्या वर्षांतील परवान्यावर मुंबई राज्याचें नांव व १९१५ च्या कायद्याचा आधार एकत्र दिसला तर तो कागद बनावट ठरविण्याची घाई करूं नये. उलट त्याचा खरेपणा त्यावरूनच पटतो.

दोन्ही कायद्यांचें मूळ वळण भिन्न आहे. १९१५ च्या कायद्यानें परवाना विकणाऱ्यास दिला. १९४९ च्या कायद्यानें निषेध हा नियम मानला, म्हणून पिणाऱ्याससुद्धां परवाना लागूं लागला. परमिट असलेल्यांनीं जेथें बसून प्यावें ती ‘परमिट रूम’. कराराचें नांव जागेस मिळाल्याचें हें तिसरें उदाहरण आणि तें आपल्या डोळ्यांदेखत घडलें आहे. हा शब्द असलेली पाटी, जाहिरात किंवा पावती इंग्रजी अमलांतील असूं शकत नाहीं. पुढें विदेशी मद्याचे नियम १९५३ सालीं व देशी दारूचे १९७३ सालीं झाले. विदेशी दारूची किरकोळ विक्री, हॉटेल, क्लब, देशीचें दुकान यांस अक्षरें व अंक मिळाले: एफ. एल. दोन, एफ. एल. तीन, एफ. एल. चार, सी. एल. तीन. कागदावर असें चिन्ह दिसलें कीं तो या घडणीचा समजावा.

(७) जत्रा, सण व बाटली

जत्रेपुरता किंवा एका दिवसापुरता परवाना आणि सणापुरती बंदी हीं दोन्ही प्रकरणें संग्राहकांनीं विशेष जपावीं, कारण त्यांत लोकांचें जीवन दिसतें. आजच्या कायद्याच्या १४२ व्या कलमान्वयें सार्वजनिक शांततेसाठीं दुकानें बंद ठेवण्याचा हुकूम जिल्हाधिकारी देतो. पोळा, गणेशविसर्जन, निवडणूक यांचीं नांवें अशा हुकुमांत येतात. हुकुमाचा तुकडा वर्षावांचून सांपडला, पण त्यांत सण व इंग्रजी तारीख असली, तर पंचांगाशीं ताडून वर्ष काढतां येतें. सालेकसा तालुक्यांतील कचारगडची गोंडांची जत्रा माघी पौर्णिमेस भरते. तिच्याशीं संबंध असलेल्या कागदासही हीच कसोटी लावावी.

२५ मार्च २००८ च्या आदेशानें गांवांतील दुकान मतदानानें बंद करण्याची रीत ठरली. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशीं दोन चिन्हें; निम्म्याहून अधिक मतदारांनीं आडवीस मत दिलें म्हणजे दुकान बंद. ही मतपत्रिका अद्याप कोणी संग्राह्य मानीत नाहीं. आमच्या मतें ज्या कागदांत लिलाव करणारें सरकार, ठेकेदार व गांवची बाई हीं तिघें प्रथमच एका पातळीवर आलीं तो हाच.

(८) सीमेपलीकडे

गोंदियाच्या उत्तरेस बालाघाट. तो जिल्हा १८६७ सालीं बनला तेव्हां भंडाऱ्याचा कांहीं भाग त्यांत गेला. आजही तेथें १९१५ चाच कायदा, मध्यप्रदेशाच्या नांवानें, चालतो. छत्तीसगडांतही त्याचाच वारसा आहे, आणि दोन्हीकडे आदिवासींस घरगुती उपयोगासाठीं मर्यादित दारू काढण्याची सवलत आहे. मध्यप्रदेशानें २०२२ सालीं मोहाच्या दारूस ‘हेरिटेज’ अर्थात् वारसा हें नांव देऊन तिच्या उत्पादनाचें धोरण स्वीकारलें. गोव्यानें त्याआधीं २०१६ सालीं फेणीस तोच मान दिला. दक्षिणेस गडचिरोलींत मात्र १९९३ सालीं दारूबंदी झाली; चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. एकाच झाडाच्या फुलापासून उतरलेली धार एका बाजूस गुन्हा, दुसरीकडे सवलत व तिसरीकडे वारसा ठरते. ‘वारसा’ हा या मालिकेंतील नवा शब्द होय. तोही उद्यां एखाद्या दुकानाचें नांव होऊन बसला तर आश्चर्य वाटूं नये.

(९) उपसंहार

कालनिर्णयाच्या खुणा थोडक्यांत अशा. मोडी लिपि, कलाली, मक्ता, माप नाहीं: मराठी अमल किंवा त्याची छाया. भट्टीचा लिलाव, गॅलन, आणे-पै: इंग्रजी अमल. क्रमांकाचें दुकान, ठेका, यू. पी., १९१५ चा आधार: त्यानंतरचा काळ, गोंदियाकडे १९५९ पर्यंत. नवे पैसे असतील तर १ एप्रिल १९५७ ते १९६४ मधील. परमिट, लिटर, अक्षर-अंकांचे नमुने: त्यापुढील. कोणतीही एक खूण पुरेशी मानूं नये. दोन तरी जुळल्या पाहिजेत.

१९५६ सालीं राजधानी नागपुराहून भोपाळास गेली तेव्हां या मुलखाच्या सरकारी कागदांची वाट दोन राज्यांत फुटली. त्यामुळें खासगी घरांत उरलेल्या प्रती अधिकच मोलाच्या झाल्या आहेत. कलार कुटुंबांत, जुन्या मालगुजारांच्या वाड्यांत, ठेकेदारांच्या वह्यांत त्या आहेत, आणि लाजेमुळें किंवा अनास्थेमुळें त्या जाळल्या जातात. आमची संग्राहकांस विनंति एवढीच कीं, रुमाल सोडतांना सनद बाजूस काढावी तशीच ही छापील पावतीही काढावी, तिची पाठ वाचावी, आणि ती कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदाशेजारीं होती हें टिपून ठेवावें. सनद राजानें काय दिलें तें सांगते. परवाना प्रजेनें काय मोजलें तें सांगतो. दोन्ही वाचल्यावांचून या मुलखाचा इतिहास पुरा व्हावयाचा नाहीं.